परत येण्याचा पुरावा

साशंक : काका, पॅरिस बघायला माझी ना नाही. पण जिथं उंबऱ्यावरच आधी आपण चोर नसल्याचं सिद्ध करायचं, तिथं पाहुणी म्हणून जायची हौस मला उरलेली नाही. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तेही शाखेच्या शिक्क्यासकट. आयकराची विवरणपत्रं, फॉर्म सोळा, सॅलरी स्लिपा, शिवाय ऑफिसचं एनओसी की ही बाई रजेवर चालली आहे आणि अमुक तारखेला कामावर हजर होणार आहे. कुठल्या रात्री कुठल्या गावात झोपणार त्याचं बुकिंग. किमान ३० हजार युरोंचा विमा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो. दहाही बोटांचे ठसे. वर ९० युरो फी आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. नकार आला तरी त्यातला छदाम परत मिळत नाही. एवढं सगळं कशासाठी, तर आठ-दहा दिवस त्यांच्या हॉटेलात राहून, त्यांच्याच दुकानांत आपले पैसे खर्च करायला! गिऱ्हाइकालाच जामीन मागणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

उत्साही : तुझ्या यादीत मला कागद दिसतात, अपमान दिसत नाही. उभी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत गेली, कागदाला मी भीत नाही. आणि तुला ठाऊक नसेल, पण आमच्या मामांच्या पिढीला परका देश काय विचारेल ही चिंता फार पुढची होती. आधी आपलाच देश सोडायला तयार नसे. रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट निघत नसे. साठच्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या हौसेनं निघालेल्या माणसाच्या हातावर आठ डॉलर टेकवत. आठ! पासपोर्ट तर सरकारची मेहेरबानी होती. दिला तर दिला, मागितला तर परत करायचा. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं ठरवलं, तेही तीन विरुद्ध दोन मतांनी. मग त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधींच्या खटल्यानं तो हक्क पक्का केला. आज मी गाझियाबादच्या पासपोर्ट कार्यालयाची अपॉइंटमेंट घरबसल्या घेतो, पोलीस घरी येऊन पत्ता बघून जातो आणि दहा वर्षांचं पुस्तक टपालानं दारात येतं. हे ज्यानं पाहिलं आहे त्याला ९० युरो आणि चार झेरॉक्सचं दुःख कसं व्हावं?

साशंक : पण तुम्ही सांगितलात तो बाहेर पडण्याचा हक्क. न्यायालयानं आपल्या घराची कडी काढली. समोरच्या घराची कडी काढणं त्याच्या हातात नव्हतं. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा बघा. प्रत्येकाला कुठलाही देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परतण्याचा हक्क आहे, असं त्याचं तेरावं कलम सांगतं. दुसऱ्या देशात शिरण्याबद्दल मात्र ते गप्प आहे. म्हणजे सोडायचा हक्क जगातल्या सगळ्यांना, आणि पोचायचा हक्क कुणालाच नाही. मधल्या पोकळीत माणूस जिथे लोंबकळतो, तिथे व्हिसा नावाची खिडकी आहे. आणि पूर्वी जग असं नव्हतं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या. मला नाही वाटत त्यांच्याकडे कुणी बँकेचं स्टेटमेंट मागितलं असेल. अठरा वर्षांची ब्राह्मण मुलगी, खिशात दागिने विकून आलेले पैसे, ओळख म्हणावी तर पत्रांतून झालेली एक अमेरिकन बाई. आजच्या कुठल्याही अधिकाऱ्यानं तिला पहिल्या मिनिटाला नाकारलं असतं.

उत्साही : बरी आनंदीबाईंची आठवण काढलीस. निघण्याआधी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांना भाषण करावं लागलं, ते कशावर होतं? लोक जे प्रश्न विचारून भंडावत होते, त्यांची उत्तरं. अमेरिकेलाच का जायचं? इथे शिकता येत नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय? तिकडे काही बरंवाईट झालं तर? जे तुझ्यासारख्या कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करावंस? आता आपल्या फॉर्मवरचे प्रश्न वाच. प्रवासाचं कारण, सोबत कोण, खर्च कोण करणार, विमा आहे का, परत कधी येणार. त्या वेळी मुलाखत होतीच, फक्त घेणारा अधिकारी गोरा नव्हता; टपाल कचेरीच्या दारात थांबून नवऱ्याबरोबर चालणाऱ्या बाईला टोमणे मारणारा आपलाच शेजारी होता. आणि आनंदीबाईंनी त्या सभेत हमी कशाची दिली? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, याची. तेव्हाही परत येण्याचाच पुरावा मागितला गेला होता. मला विचारशील तर त्या सभेपेक्षा मला ही खिडकी परवडते. ती माझी जात विचारत नाही.

साशंक : जात विचारत नाही? ती पासपोर्टचा रंग विचारते, ते काय आहे? तुम्ही कुठे जन्मलात एवढ्यावरून रांगेत उभं राहायचं की सरळ निघून जायचं हे ठरतं. जपानी माणूस तिकीट काढतो आणि विमानात बसतो. त्यानं काय कर्तृत्व केलं? ओसाकात जन्म घेतला. तुम्ही काय गुन्हा केलात? सांगलीत जन्मलात.

उत्साही : जन्मावरून ठरतं हे खरं, पण जन्मभरासाठी ठरत नाही. थाई माणसाचं उदाहरण घे. पॅरिसला जायचं तर त्यालाही बँकॉकमध्ये आपल्यासारखीच फाइल लावावी लागते. तेच स्टेटमेंट, तोच विमा, तीच ९० दिवसांची मर्यादा. त्या रांगेत तो आणि मी खांद्याला खांदा लावून उभे आहोत. पण जपानला तो व्हिसाशिवाय जातो, २०१३ च्या जुलैपासून. त्याआधी जात नव्हता. मधे काय बदललं? त्याचा वंश तर तोच राहिला! जपानला पर्यटक हवे झाले, थायलंडात मध्यमवर्ग वाढला, दार उघडलं. आपल्यासाठी थायलंडनं काय केलं ते बघ. १० नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाच माफ केला, पुढच्या वर्षी जुलैत मुक्काम ६० दिवसांपर्यंत वाढवला. २०२४ मध्ये वीस लाखांवर भारतीय तिकडे जाऊन आले. आपणही त्यांचं ई-व्हिसाचं शुल्क माफ केलं. त्यांना बोधगया, सारनाथ, कुशीनगर करायचं असतं. दारं अशी उघडतात, एकेक. त्यासाठी रांगेत नीट उभी राहिलेली, वेळेवर परत आलेली माणसं लागतात. मी त्यातला एक होतो म्हणून तुझ्या मुलीची फाइल कदाचित पातळ होईल.

साशंक : दार उघडलं की आत घेतलं, असं नसतं काका. त्याच थाई माणसाला कोरियालाही व्हिसा लागत नाही. आणि २०२३ मध्ये थायलंडात कोरियावर बहिष्कार घालायची हाक समाजमाध्यमांवर उठली, ती कशामुळे? परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, सगळं खिशात असून सोलच्या विमानतळावरून कित्येकांना उलट्या पावली पाठवलं जात होतं म्हणून. चौकशी कुठे पळाली नव्हती. फक्त दूतावासातून उठून विमानतळावर जाऊन बसली होती. थायलंडसुद्धा आपल्याकडे व्हिसा मागत नसला तरी, माणशी २० हजार बाट जवळ आहेत का, असं दारात विचारू शकतो. सगळीकडे नियमाच्या तळाशी संशय तोच.

उत्साही : आता तूच माझी बाजू मांडलीस. नकार यायचाच असेल तर तो कुठे यावा? बायको-मुलांसकट, रजा टाकून, तिकिटाचे लाख रुपये घालून, परक्या विमानतळावरच्या खोलीत? की नोएडात, आपल्या डायनिंग टेबलावर आलेल्या पाकिटात? मला पाकीट चालेल. व्हिसा म्हणजे विमानतळावरचा प्रश्न घरीच सोडवून ठेवायची सोय.

साशंक : या मुद्द्यावर मी अर्धी तुमच्याकडे येते. पूर्ण नाही, कारण व्हिसा हातात असूनही सीमेवरचा अधिकारी अडवू शकतोच; शेंगेनचा, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसाचा, नियमच म्हणतो की व्हिसा म्हणजे प्रवेशाचा अबाधित हक्क नव्हे. पण पाकीट बरं, हे कबूल. फक्त त्या पाकिटात काय लिहिलेलं असतं ते सांगा. छापील फॉर्म असतो, कारणांपुढे चौकोन असतात आणि एकात फुली. सगळ्यात जास्त दुखणारी फुली ही : मुदत संपण्याआधी आपण देश सोडून जाल याबद्दल रास्त शंका आहे. आता माझ्या मनातला हेतू मी कागदावर कसा दाखवू? पुढच्या जूनमध्ये मी परत येणार आहे, याला आत्ता पुरावा असूच शकत नाही. घडलेल्या गोष्टीला पुरावा असतो. अमेरिकेचा कायदा निदान सरळ बोलतो. १९५२ पासून त्यात लिहिलं आहे की पर्यटक म्हणून येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आला आहे असं धरून चाला, तसं नाही हे त्यानं अधिकाऱ्याला पटवावं. आपल्याकडे खुनाच्या आरोपीलाही आधी निर्दोष धरतात.

उत्साही : खुनाच्या आरोपीचं स्वातंत्र्य सरकार काढून घेणार असतं, म्हणून सरकारनं सिद्ध करायचं. इथे तू काहीतरी मागते आहेस, मागणाऱ्यानं दाखवायचं. गृहकर्ज मागताना बँक तुझा चेहरा बघून देते का? आणि आकडे बघ जरा. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी ११ लाखांवर अर्ज गेले, त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले. शंभरातले पंधरा. साऱ्या जगाची सरासरीही त्याच्याच आसपास आहे. म्हणजे भारतीय म्हणून वेगळं काढून झोडपलं, असं नाही. शंभरातल्या पंच्याऐंशींना मिळाला.

साशंक : साऱ्या जगाची नव्हे, रांगेतल्या जगाची सरासरी! ज्यांना अर्जच करावा लागत नाही ते जपानी, अमेरिकन, ब्राझीलचे लोक त्या हिशेबात आहेतच कुठे? आणि रांगेत जे नाहीत त्यांची दुसरीही एक बाजू आहे. आपल्याला मिळणार नाही हे ओळखून ज्यांनी फाइल लावलीच नाही, ते कुठल्या टक्केवारीत बसतात? आपल्या सेक्टरच्या मार्केटमधला तो झेरॉक्सवाला. तुमची पन्नास पानं त्यानं काढून दिली, क्रम लावून, टॅग बांधून. कव्हर लेटरमधल्या दोन चुकाही त्यानंच दाखवल्या, इतकं त्याला यातलं कळतं. त्याला आयफेल टॉवर बघायची इच्छा नसेल? पण त्याची कमाई रोख, विवरणपत्र नाही, घर भाड्याचं आणि तेही अकरा महिन्यांच्या करारावर. त्याला कुणी नकार दिलेला नाही, आणि तो कधी जाणारही नाही. तुमचे पंच्याऐंशी टक्के म्हणजे आधीच चाळून घेतलेल्या धान्यातले.

उत्साही : हे मात्र मी असं पाहिलं नव्हतं. थांब, तरीही बोलतो. विश्वास एकदम मिळत नाही, पण साठत जातो. २०२४ च्या एप्रिलमध्ये युरोपनं खास भारतीयांसाठी नियम सैल केला. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळाले आणि नीट वापरले, तर पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करायचा. त्यानंतर पाच वर्षांचा. बोटांचे ठसेही एकदा दिले की ५९ महिने चालतात. म्हणजे माणूस परत आला, याची कुठेतरी नोंद होते. तू म्हणालीस घडलेल्या गोष्टीलाच पुरावा असतो. मग हा घे घडलेल्या गोष्टीचा पुरावा.

साशंक : पहिल्या फेरीचे चार-पाच लाख ज्याच्याकडे आहेत, त्याचाच विश्वास साठायला लागतो. बरं, त्या फाइलीत तरी सगळं खरं असतं का? विमानाचं तिकीट जोडा म्हणतात. खरं तिकीट काढलं आणि व्हिसा नाकारला, तर पैसे बुडाले. म्हणून दूतावासच सांगतात, व्हिसा मिळेपर्यंत तिकीट विकत घेऊ नका, आरक्षण दाखवा. मग काही शेकड्यांत डमी तिकीट निघतं. हॉटेल फुकट रद्द करता येईल असं बघून बुक करायचं आणि व्हिसा लागला की रद्द करून दुसरं स्वस्त शोधायचं. कव्हर लेटरमध्ये दिवसवार कार्यक्रम लिहायचा : तिसऱ्या दिवशी सकाळी लूव्र, दुपारी सेन नदीत नौकाविहार. त्या दिवशी पाऊस असेल, गुडघा दुखत असेल, कोण जाणे. शेवटच्या महिन्यात मेव्हण्याकडून दोन लाख खात्यात फिरवून घेणारे लोक मला ठाऊक आहेत. सरळमार्गी माणसाकडून ही व्यवस्था एक कादंबरी लिहून घेते. जिला आपण लबाडी म्हणू ती वेगळी, पण ही जी सगळ्यांनी मिळून मान्य केलेली कथा आहे, तिचा मला जास्त राग येतो. कारण वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं की ती कथा आहे.

उत्साही : योजना आणि खोटं यांत फरक आहे. लग्नपत्रिकेवर 'सकाळी ११ वाजून ४ मिनिटे' असं छापतो. अक्षता पडतात पावणेबाराला. म्हणून पत्रिका खोटी होते का? आणि तुला जी खिडकी टोचते, तिच्या आधीचं चित्र मी पाहिलं आहे. मुंबईला ब्रीच कँडीत अमेरिकेच्या वकिलातीबाहेर लोक पहाटेपासून फूटपाथवर रांग लावून उभे असत, उन्हात, पावसात. २००१ मध्ये त्याच मुंबईत, त्याच अमेरिकन व्हिसाच्या कामापासून व्हीएफएस सुरू झाली, आणि कागद गोळा करायचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायची ही पद्धत आपल्याकडून जगभर गेली. आज मी ब्लू लाइननं राजीव चौकाला उतरतो, चालत शिवाजी स्टेडियम मेट्रो स्टेशन गाठतो, तळमजल्याखालच्या गार हॉलमध्ये टोकन घेऊन खुर्चीवर बसतो.

साशंक : खुर्ची मिळाली, माणूस गेला. पूर्वी निदान नाकारणारा समोर दिसायचा. आता काचेपलीकडे बसलेला मुलगा आपलाच, गाझियाबादचा नाही तर गोरखपूरचा. त्याच्या हाती काही नाही. तो फक्त कागद मोजतो आणि विचारतो, एसएमएस हवा का, कुरियर हवं का, प्रीमियम लाउंज हवा का. ज्याला अधिकार आहे तो चाणक्यपुरीत कुठल्या तरी भिंतीआड. मी त्याला पाहणार नाही, तोही मला बघणार नाही. माझी बाजू सांगायला मला पाच मिनिटं कुणी देणार नाही.

उत्साही : आता मी जरा बोचरं बोलतो, रागावू नकोस. तुझ्या सोसायटीच्या गेटवर काय चालतं? कुणी आलं की गार्ड अ‍ॅपवरून विचारतो, तू ऑफिसात बसून बोट दाबतेस, तेव्हा माणूस आत येतो. तुझ्या कामवालीचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय, तिला कार्ड आहे, जाताना तिची पिशवी बघतात, लिफ्टही वेगळी. तिची बाजू सांगायला तिला पाच मिनिटं कोण देतं? २०१७ च्या जुलैत सेक्टर ७८ मधल्या सोसायटीत काय झालं ते आठव. एका कामवालीवरून दगडफेक झाली, आणि पश्चिम बंगालमधून आलेल्या त्या बायकांना लोक सरसकट बांगलादेशी म्हणू लागले. कितीजणींना त्यानंतर गेटच्या आत घेतलं नाही. युरोपनं जे तुझ्याशी केलं म्हणतेस, ते तू रोज संध्याकाळी सहाच्या आत दोनदा करतेस.

साशंक : बोचलं. पण खोडून काढत नाही. घर आणि देश एक नव्हेत, असं मी म्हणू शकते. माझ्या स्वयंपाकघरात कोण यावं हे ठरवायचा मला अधिकार आहे, पण एखाद्या खंडातले रस्ते, संग्रहालयं, नद्या ही काही कुणाची स्वयंपाकघरं नाहीत. तरी तुमचा मुद्दा त्यानं संपत नाही. आपलं सरकारही हेच करतं. कराचीत आजही मराठी बोलणारी हिंदू कुटुंबं आहेत, गणपती बसवतात. त्यातल्या कुणाला पंढरपूर बघावंसं वाटलं, तर? पाकिस्तानी पासपोर्टवर आपला व्हिसा मिळालाच, तर त्यावर शहरांची नावं लिहिलेली असतात, पोलीस ठाण्यात हजेरी लावायची असते. तीही सध्याच्या दिवसांत फार पुढची गोष्ट. आणि परक्यांचं सोडा. दहावी न झालेल्या आपल्याच माणसाच्या पासपोर्टवर, काही देशांत नोकरीला जाताना आधी सरकारी परवानगी घ्यावी, असा शेरा असतो. २०१८ मध्ये त्या लोकांना नारिंगी रंगाचं वेगळं पुस्तक द्यायचं ठरलं होतं! ओरड झाली, महिन्याच्या आत बेत मागे घेतला, हे आपलं नशीब. म्हणजे हा गोऱ्यांनी काळ्यांशी केलेला अन्याय नाहीच. प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीवरच्याकडे पुरावा मागतो आहे. तुम्हाला वाटलं असेल यानं माझा राग कमी होईल. उलट आता तो कुठे काढायचा तेच कळेनासं झालं.

उत्साही : मग अर्ज न करून तू तो कुणावर काढते आहेस? तू नाही गेलीस तर फ्रान्सला पत्ताही लागणार नाही. तुझी मुलगी मात्र लूव्र पुस्तकात बघेल.

साशंक : कुणावरच नाही. पण परत येण्याचा पुरावा म्हणून ते जे मोजतात, त्याचा माझ्या परत येण्याशी काही संबंध नाही, एवढं मला उघड बोलता यावं. नोकरी, घर, ठेवी, कुटुंब : यांना ते आपल्याला बांधून ठेवणारे दोर समजतात. आणि आपण राहतो नोएडात! इथे घर म्हणजे काय ते त्या अधिकाऱ्याला कोण सांगणार? जमीन अथॉरिटीची, ९० वर्षांच्या लीजवर. बिल्डरनं अथॉरिटीचे पैसे थकवले म्हणून टॉवरच्या टॉवर रजिस्ट्रीवाचून पडून आहेत. माणसं वर्षानुवर्षं राहतात, मेंटेनन्स भरतात, कर्ज फेडून मोकळी झाली, आणि कागदावर त्यांचं घरच नाही. आम्रपाली बिल्डरचं काम तर २०१९ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाला हातात घ्यावं लागलं, सरकारी एनबीसीसीला सांगून बांधून घ्यावं लागलं. अशा अडकलेल्या घरांवरचा अमिताभ कांत समितीचा तोडगा राज्यानं २०२३ च्या डिसेंबरमध्ये मान्य केला, तरी सगळ्यांचं भागलेलं नाही. यापेक्षा बळकट दोर कुठला असेल? या लोकांनी आयुष्याची कमाई ज्या भिंतींत ओतली, त्या भिंती अजून त्यांच्या नावावर व्हायच्या आहेत. ते पॅरिसला पळून जातील? ते तर रजिस्ट्रीच्या तारखेसाठी विमान चुकवतील!

उत्साही : हसू नकोस. त्यातला एक मीच आहे. आणि आता तू विषय काढलाच आहेस, तर माझी फाइल बघ. तुझ्यापुढे मोठ्या तोऱ्यात बोलतो आहे, पण तीत काय आहे? नोकरी नाही, निवृत्त माणूस. एनओसी कोण देणार? पेन्शनचा कागद आहे, तेवढा एकच. घराचं अलॉटमेंट लेटर आहे, पझेशन लेटर आहे, रजिस्ट्री नाही. काकू जाऊन तीन वर्षं झाली. आणि एकुलती एक मुलगी आइंडहोवनला. मला रात्री झोपताना त्या अधिकाऱ्याच्या जागी बसून ही फाइल वाचायची खोड लागली आहे. घर नावावर नाही, मागे कुणी नाही, जे काही आहे ते तिकडे. मी तरी या माणसाला व्हिसा दिला असता का, कोण जाणे.

साशंक : पण तुम्ही तर परत येणार आहात.

उत्साही : येणारच आहे. तिकडे थंडीत मला दोन आठवडे निघत नाहीत, आणि मुलीच्या घरात मी पाहुणाच. पण तो दोर कुठल्या रकान्यात लिहू? इथल्या सकाळच्या बागेतल्या मंडळींचा, तुझ्याशी घातलेल्या वादांचा? ऐक, खरी अडचण पुढेच आहे. माझा मुख्य मुक्काम फ्रान्समध्ये, म्हणून अर्ज फ्रान्सकडे; ते नियमाला धरून आहे. शेवटचे चार दिवस आइंडहोवनला. तिच्या गावातलं हॉटेल बुक करून ते चार दिवस नुसतं 'नेदरलँड्स दर्शन' म्हणून लिहिता येतात. एजंट तसंच सांगतो : मुलगी तिकडे आहे हे आपण होऊन कशाला बोलायचं, शंकेला जागा कशाला द्यायची?

साशंक : हे तुम्ही करू नका, काका. उद्या त्यांना कळलं तर ती लपवाछपवी ठरेल आणि मग पुढचे सगळे अर्ज गेले. शिवाय, तुम्हीच मघाशी म्हणालात, योजना आणि खोटं यांत फरक आहे. मुलीला गाळलेला कार्यक्रम म्हणजे योजना नव्हे. कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा : मुलगी तिथे राहते, तिच्याकडे चार दिवस राहणार, तिचं पत्र सोबत जोडलं आहे. घराबद्दलही लिहा. रजिस्ट्री का झाली नाही ते दोन ओळींत, पझेशन लेटरसकट.

उत्साही : आणि ते वाचून त्यानं त्या चौकोनात फुली मारली तर? दिवसाकाठी त्याच्यापुढे किती फायली येत असतील, नोएडाच्या बिल्डरांची कहाणी तो वाचणार आहे का? त्याला एवढंच दिसेल : एकटा म्हातारा, घर नाही, मुलगी युरोपात. तू सांगतेस ते खरं आहे म्हणून मी लिहीन, पण त्यानं माझी बाजू पडते की नाही?

साशंक : पडू शकते. तेच तर मी सुरुवातीपासून म्हणते आहे.

उत्साही : नाही, सुरुवातीपासून तू म्हणत होतीस की अर्जच करू नये. आता म्हणतेस, करावा, आणि खरं लिहून करावा. अर्ज न करणाऱ्या माणसाला हा सल्ला फुकट पडतो.

साशंक : खरं आहे. मग असं करू. माझा आणि मुलीचा अर्ज मी तुमच्याबरोबरच टाकते, एकाच दिवसाच्या स्लॉटवर. माझीही रजिस्ट्री झालेली नाही. तेच पान, तीच दोन वाक्यं मीही जोडते. तुम्हाला फुली आली आणि मला नाही आली, किंवा उलट झालं, तर निदान घरामुळे आली की मुलीमुळे, याचा अंदाज बांधता येईल. ते काही आपल्याला सांगणार नाहीत.

उत्साही : आणि दोघांनाही मिळाला तर?

साशंक : तर मग तुम्ही बरोबर होतात की नशीबवान, यावर वाद घालायला लूव्रच्या रांगेत भरपूर वेळ मिळेल. ते पान आधी लिहून काढा. आणि बिल्डरचं नाव नीट लिहा, त्याच्या कंपनीची दोन नावं आहेत.